ओटा हलवण्याआधी परवानगीचं बघा

स्वयंपाकघरांचे नकाशे काढणं हे माझं काम. घरमालक पहिल्याच भेटीत टाइल्सचे रंग काढून बसतात. मी विचारते, भिंत, पाइप आणि वायर यांतलं काय हलणार? परवानगी लागेल की नाही, ते बहुतेक यावरच ठरतं. रंगकाम, कपाटांची दारं, जुन्याच जागी नवा नळ याला सहसा कोणी अडवत नाही. सिंक दुसऱ्या भिंतीला न्यायचं किंवा गॅसची लाइन वाढवायची म्हटलं, की अर्ज आलाच असं धरून चाला. नियम गावागणिक वेगळे, म्हणून कामांची यादी घेऊन बांधकाम परवानगीच्या कार्यालयात आधी विचारा आणि जमलं तर उत्तर लेखी घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्रही लागतं.

भिंत पाडायची तर स्ट्रक्चरल इंजिनियरचा सहीचा दाखला हवाच. ‘ही नुसती आडभिंत आहे हो’ (म्हणजे छताचा भार न पेलणारी) म्हणणाऱ्या कंत्राटदाराला तेच लिहून मागा, मग बघा आवाज कसा खाली येतो.

नकाशे दोन द्या, आज आहे तसा आणि होणार आहे तसा. प्रमाण दोन्हींचं एकच, १:५० चालतं. बदल लाल रेषेनं दाखवा, तपासणाऱ्याला तेवढंच बघायचं असतं. सिंक हलणार असेल तर सांडपाण्याच्या पाइपचा उतारही दाखवा, मीटरला साधारण २ सेंटिमीटर. म्हणजे ३ मीटर लांब नेलं तर पाइप ६ सेंटिमीटर खाली जाणार, आणि तेवढी जागा जमिनीत पुष्कळदा नसतेच. मोठी इंडक्शन शेगडी ७ किलोवॅटची असली तर २३० व्होल्टवर ३० अँपिअर ओढते. तिचं वेगळं सर्किट नकाशात हवं.

मंजुरीनंतर लोक पाहणी विसरतात. वायर, पाइप टाकून झाले की प्लास्टरआधी काम थांबवून तपासनिसाला बोलवा. गॅसलाइनची दाबचाचणीही पाइप उघडा असतानाच करून घ्या. हा थांबा वेळापत्रकात आधीच घाला, नाहीतर टाइलवाला दारात आणि भिंत उघडी. मध्येच बेत बदलला तर सुधारित नकाशा द्या. परवानगीची मुदतही बघून ठेवा.

शेवटच्या पाहणीचा दाखला घर विकताना मागितला जातो, विम्याच्या दाव्यातही त्याची विचारणा होऊ शकते. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता हा दाखला हातात आल्यावरच द्यायचा, हे करारातच लिहून घ्या.