कुत्र्यासाठी पट्टा निवडताना या चुका टाळा

नाशिकमध्ये कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत एकच पट्टा असतो. तो चोवीस तास गळ्यात राहतो, सकाळी गंगापूर रोडला फिरायला नेताना त्याच्याच कडीला दोरी लावली जाते, पाहुणे आले की त्यालाच साखळी अडकवून कुत्रा गॅलरीत बांधला जातो आणि पावसाळ्यात गोचीड दिसले की त्याच्या शेजारी औषधी पट्टाही चढतो. वास्तविक ओळख पटवणे, फिरवणे आणि बांधून ठेवणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि प्रत्येक कामात मानेवर पडणारा ताणही वेगळा असतो. पट्टा निवडताना होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचे मूळ या सरमिसळीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माप न घेता खरेदी करणे

दुकानात जाऊन ‘लॅब्रॅडॉरसाठी पट्टा द्या’ असे सांगणे ही सर्वांत पहिली चूक होय. एकाच जातीच्या नर आणि मादीच्या, किंबहुना एकाच वेतातल्या दोन भावंडांच्या मानेतही बराच फरक असू शकतो. घरातली सुतळी मानेवर जिथे पट्टा बसणार आहे तिथे गुंडाळावी, टोके जुळतील तिथे चिमटीत धरावी आणि पट्टीवर मोजावी. या मापाला पट्टा लावल्यावर त्याच्या आणि मानेच्या मध्ये दोन बोटे आडवी, न दाबता सरकली पाहिजेत. लहान चणीच्या कुत्र्याला एक बोट पुरे. पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत केस बाजूला सारून, बोटे थेट कातडीला टेकवून अंदाज घ्यावा; नुसत्या केसांवरून घेतलेला अंदाज हमखास चुकतो.

पिल्लांच्या बाबतीत तर जास्तच दक्षता हवी. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लू इतक्या झपाट्याने वाढते की आज सैल वाटणारा पट्टा दोन-तीन आठवड्यांत आवळू लागतो. म्हणून या काळात महागडा पट्टा घेण्यापेक्षा हलका, भोके किंवा सरकती पट्टी असलेला स्वस्त नायलॉनचा पट्टा घ्यावा आणि दर आठवड्याला बोटे घालून तपासावा. सोसायटीतील मुले हौसेने भटक्या पिल्लांच्या गळ्यात पट्टा किंवा रिबीन बांधतात. त्यांना तर हे आवर्जून सांगायला हवे, कारण त्या पिल्लाचा पट्टा पुढे सैल करणारे कोणीच नसते.

डोक्याचा आकार विचारात न घेणे

कारवानी आणि मुधोळ ही आपल्याकडची शिकारी कुत्री. यांचे डोके निमुळते आणि मान लांब असल्याने डोक्याचा घेर मानेपेक्षा फारसा मोठा नसतो. अशा कुत्र्याने मागे सरकून मान खाली घातली की साधा पट्टा कानांवरून अलगद निसटतो. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा ढोल-ताशाच्या आवाजात कुत्री हरवतात, त्यामागे अनेकदा हेच असते: कुत्रा दोरी तोडत नाही, तो पट्ट्यातून निघून जातो. यावर पट्टा अधिक आवळणे हा उपाय नव्हे. मार्टिंगेल नावाचा दुहेरी फासाचा पट्टा यासाठीच आहे. ताण आला की तो ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो आणि दोरी सैल सोडताच सैल होतो. मापात बसवलेला हा पट्टा डोक्यावरून निसटत नाही आणि गळाही दाबत नाही. मात्र फिरून आल्यावर तो काढून ठेवावा, कारण त्याची सैल कडी कुठेही अडकू शकते.

पट्टा निसटतो की नाही, याची चाचणी घराचे दार बंद ठेवून घ्यावी. कुत्र्याच्या समोर उभे राहून पट्टा हळूच पुढे ओढून पाहावा. तो कानांपर्यंत आला तर रस्त्यावर तो नक्कीच निघेल.

ओढणाऱ्या कुत्र्याला जड पट्टा घालणे

कुत्रा ओढतो म्हणून चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) किंवा आतल्या बाजूला दाते असलेला पट्टा आणला जातो, तेव्हा आपण एका शिकवण्याच्या प्रश्नावर वेदनेचा उपाय करत असतो, आणि मला हे अजिबात मान्य नाही. मानेत श्वासनलिका आहे, थायरॉईड ग्रंथी आहे, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. पट्ट्यावर जोराचा ताण आल्यावर डोळ्यांतील दाबही वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्या किंवा पगसारख्या बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्यासाठी हा ताण धोक्याचा ठरतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींमध्ये श्वासनलिका कमकुवत होण्याची प्रवृत्ती असते. फिरताना हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा, ठसक्याचा खोकला येऊ लागला, तर गळ्याला दोरी लावणे त्याच दिवशी थांबवून पशुवैद्यकांना दाखवावे.

अशा कुत्र्यांना फिरवण्यासाठी हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती आणि पाठीवर बसणारा पट्टा, हवा. तो निवडतानाही एक चूक होते. छातीवरून आडवी जाणारी पट्टी खांद्याच्या सांध्यावर येते आणि पुढच्या पायांची चाल आखडते. त्याऐवजी पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्यावा. ओढण्याची सवय असेल तर छातीवर पुढे कडी असलेला प्रकार उपयोगी पडतो. दोरी ताणली गेली की कुत्र्याचे अंग आपल्याकडे वळते आणि ओढण्याचा जोर कमी होतो. त्याच्या जोडीला, दोरी ताणली की आपण थांबायचे आणि सैल झाली की पुढे चालायचे, हा सराव रोज करावाच लागतो.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात उसाच्या शेतांत बिबट्या असतो आणि तो कुत्र्याची मान धरतो. अशा वस्तीवरच्या कुत्र्याला बाहेरच्या बाजूला खिळे असलेला रुंद पट्टा घातला, तर त्यामागे संरक्षणाचा हेतू असतो. त्याचे खिळे बाहेर असतात, कातडीकडे नव्हेत. शहरातल्या फ्लॅटमध्ये, विशेषतः घरात लहान मूल किंवा दुसरा कुत्रा असताना, त्याचे काहीही काम नाही. तसेच पट्ट्यावर विसंबून कुत्रा रात्री अंगणात बांधून ठेवणेही चूक आहे. त्याला बंद जागेतच घ्यावे.

कडी आणि बक्कल न तपासणे

पट्टा सहसा कापडाच्या जागी तुटत नाही, कडीच्या जागी तुटतो. दोरी अडकवायची कडी उजेडात धरून पाहावी. तिची दोन टोके जिथे मिळतात तिथे जोड पक्का केलेला नसेल, नखाचे टोक जाईल एवढी फट दिसत असेल, तर एका हिसक्यात ती कडी उघडते. चकचकीत मुलामा दिलेल्या लोखंडी कड्या एका पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेस स्टील किंवा पितळ टिकते.

चामड्याचा पट्टा हिवाळ्यात उत्तम, परंतु जून ते सप्टेंबर या काळात तो ओलसर राहतो, त्यावर बुरशी धरते आणि नंतर तो कडक होऊन मान काचतो. पावसाळ्यासाठी नायलॉनचे दोन पट्टे ठेवून आलटून पालटून वाळवणे सोयीचे पडते. गोदावरीच्या काठी किंवा धरणाच्या पाण्यात खेळून आलेल्या कुत्र्याचा ओला पट्टा तसाच ठेवू नये. त्याखालची कातडी भिजून लाल होते आणि खाज सुटते.

औषधी पट्ट्याबाबतचे गैरसमज

गोचीड मारणाऱ्या पट्ट्याला दोरी कधीही लावू नये. तो वेगळा, कातडीला टेकेल असा बसवून उरलेले टोक कापून टाकावे, अन्यथा कुत्रा किंवा शेजारचे पिल्लू ते चघळते. त्यावर छापलेले किमान वय पाहूनच तो घ्यावा. कुत्रा वारंवार भिजत असेल तर त्याचा परिणाम लवकर ओसरतो. घरात मांजर असल्यास आधी पशुवैद्यकांना विचारावे, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतील परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतते.

बांधून ठेवण्यासाठी तोच पट्टा वापरणे

थोड्या वेळासाठी बांधावेच लागले तर रुंद सपाट पट्टा, हलकी लांब साखळी आणि पीळ पडू नये म्हणून भोवरकडी वापरावी. चोक चेनला साखळी लावून कुत्र्याला एकटे सोडू नये, कारण त्याने फास बसू शकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीला प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत.

पट्ट्याखाली काय पाहावे

आठवड्यातून एकदा पट्टा पूर्ण काढून मानेभोवती बोटे फिरवावीत. केस कड्यासारखे गोल तुटलेले दिसले तर पट्टा घासतो आहे. रुंद आणि मऊ पट्टा घ्यावा. आंबूस वास आणि चिकटपणा असेल तर ओल राहते आहे. मान कोरडी करून पट्टा काही दिवस काढून ठेवावा. थंडीत स्वेटर घातल्यावर पट्टा नजरेआड होतो, तेव्हा ही तपासणी राहून जाते. पट्टा कातडीत रुतलेला, कडेने सूज किंवा पू आलेला दिसला, तर तो घरी ओढून किंवा कात्रीने कापून काढण्याचा प्रयत्न करू नये. तिथल्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, म्हणून कुत्र्याला तसेच थेट पशुवैद्यकांकडे न्यावे.