युनिव्हर्सल रिमोट निवडताना या चुका टाळा

युनिव्हर्सल रिमोटच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो किती उपकरणे चालवतो याचा आकडा, आणि निवडीतली पहिली चूक बहुतेक वेळा त्या आकड्यापाशीच होते. घरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि स्ट्रीमिंग स्टिक अशी चार उपकरणे असली, की ‘आठ उपकरणे’ असे लिहिलेला रिमोट पुरून उरेल असे वाटते. प्रत्यक्षात तो आकडा एवढेच सांगतो, की रिमोटच्या मेमरीत आठ उपकरणांचे कोड ठेवायला जागा आहे. आपली चार उपकरणे त्या रिमोटची आज्ञा घेऊ शकतात की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही. म्हणून रिमोट पाहायला जाण्याआधी घरातली उपकरणे नीट पाहावी लागतात.

उपकरण आज्ञा कशी घेते हे न तपासणे

साधे युनिव्हर्सल रिमोट फक्त इन्फ्रारेडवर, म्हणजे अवरक्त किरणांवर चालतात. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. हा प्रकाश बहुतेक उपकरणांसाठी सेकंदाला ३६ ते ४० हजार वेळा, आणि त्यातही बहुधा ३८ हजार वेळा, उघडझाप करतो व त्या उघडझापीच्या लहानमोठ्या तुकड्यांतून बटणाचा कोड उपकरणापर्यंत पोहोचतो. उपकरणाला हा प्रकाश टिपणारा सेन्सरच नसेल, तर जगातला कोणताही इन्फ्रारेड रिमोट त्याला चालवू शकत नाही. फायर टीव्ही स्टिक मेनूच्या आज्ञा ब्लूटूथवरून घेते, रोकूच्या स्टिक वाय-फायवरून घेतात, प्लेस्टेशन ४ आणि ५ या दोहोंना इन्फ्रारेडचा सेन्सर नाही. याउलट एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये आणि ॲपल टीव्हीच्या बॉक्समध्ये तो आहे. म्हणजे ‘गेमिंग कन्सोल चालतो’ एवढे वाचून समाधान मानण्यात अर्थ नाही. कोणता कन्सोल, हे पाहिले पाहिजे.

आपले उपकरण कोणत्या गटातले, हे घरबसल्या तपासता येते. मूळ रिमोट उपकरणाकडे पाठ करून किंवा जाड उशीखाली धरून दाबावा. तरीही काम झाले, तर तो रेडिओलहरींवर, म्हणजे ब्लूटूथ किंवा वाय-फायसारख्या मार्गाने बोलतो आहे असे समजावे. दुसरी चाचणी मोबाइलच्या कॅमेऱ्याची. रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबल्यावर पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर ते बटण इन्फ्रारेडवर चालते. अनेक मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी फिल्टर असते, त्यामुळे काही दिसले नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे. ही चाचणी मात्र एकच बटण दाबून उरकू नये. स्ट्रीमिंग स्टिकच्या रिमोटवरची आवाजाची आणि पॉवरची बटणे अनेकदा टीव्हीसाठी इन्फ्रारेड सोडतात आणि बाणांची बटणे ब्लूटूथवरून जातात. नेमके पॉवरचे बटण तपासून ‘हा इन्फ्रारेड आहे’ असा निष्कर्ष काढला, की नवा रिमोट आणल्यावर आवाज वाढतो, पण मेनू जागचा हलत नाही.

नव्या स्मार्ट टीव्हींचे मूळ रिमोट ब्लूटूथवर चालत असले, तरी बहुतेक टीव्हींमध्ये इन्फ्रारेडचा सेन्सर अजून असतो. त्यामुळे चॅनेल, आवाज, बाण ही बटणे साध्या युनिव्हर्सल रिमोटनेही चालतात. बोलून शोध घेण्याचे माइकचे बटण आणि हात हलवून पडद्यावर फिरवायचा पॉइंटर या दोन सोयी मात्र त्यात येत नाहीत. घरात त्यांची सवय लागलेली असेल, तर ही उणीव पहिल्याच दिवशी खटकते.

आज्ञा एकतर्फी असते हे विसरणे

इन्फ्रारेड रिमोट संदेश पाठवतो, पण तो पोहोचला की नाही हे त्याला कधीच कळत नाही. युनिव्हर्सल रिमोटच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ मला याच एका गोष्टीत दिसते. मूळ रिमोटवरचे पॉवरचे बटण बहुधा ‘चालू असेल तर बंद हो, बंद असेल तर चालू हो’ असा एकच संदेश पाठवते. माणूस पडद्याकडे पाहून ते दाबतो, म्हणून अडचण येत नाही. पण एका बटणात टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि बॉक्स या तिन्हींच्या आज्ञा एकापाठोपाठ गुंफल्या, म्हणजे ज्याला मॅक्रो म्हणतात तो तयार केला, की तिघांपैकी एखाद्यापर्यंत संदेश न पोहोचणे पुरेसे ठरते. मध्येच कोणी समोरून गेले किंवा रिमोट खाली झुकला, तर दोन उपकरणे चालू आणि एक बंद राहते. पुन्हा तेच बटण दाबले, की चालू असलेली दोन बंद होतात आणि बंद असलेले चालू होते. हा घोळ ते बटण कितीही वेळा दाबले तरी सुटत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे चालू आणि बंद यांचे स्वतंत्र कोड, ज्यांना डिस्क्रीट कोड म्हणतात. ‘चालू हो’ ही आज्ञा आधीच चालू असलेल्या टीव्हीला दिली, तर काहीच बिघडत नाही, त्यामुळे मॅक्रो फसला तरी तो पुन्हा चालवता येतो. एचडीएमआय १, एचडीएमआय २ अशा इनपुटसाठीही स्वतंत्र कोड असतात. मूळ रिमोटवर इनपुटचे एकच बटण असले, तरी उपकरण हे कोड ओळखत असण्याची शक्यता असते, आणि चांगल्या युनिव्हर्सल रिमोटच्या कोडसंग्रहात ते मिळतात. रिमोटमध्ये असे स्वतंत्र कोड आहेत का, हाच माझ्या मते खरेदी करताना विचारायचा सर्वांत उपयोगाचा प्रश्न आहे. दुकानदाराला तो समजला नाही, तर त्या रिमोटचे माहितीपत्रक उघडून पाहावे.

मॅक्रो करताना आज्ञांमध्ये पुरेसे अंतर न ठेवणे हे याच चुकीचे धाकटे भावंड. टीव्ही चालू झाल्यावर पहिले काही सेकंद तो इनपुट बदलण्याची आज्ञा घेत नाही. मॅक्रो झरकन संपतो, टीव्ही जागा होतो आणि चुकीच्या इनपुटवर थांबतो. आपला टीव्ही आज्ञा घ्यायला किती वेळ लावतो हे पाहून त्याहून थोडे जास्त अंतर ठेवावे, आणि असे अंतर ठेवण्याची सोय रिमोटमध्ये आहे ना, हेही आधीच पाहावे.

एचडीएमआय-सीईसीशी झगडा

एचडीएमआयच्या केबलमधून चित्र आणि आवाजाबरोबर एकमेकांना आज्ञा देण्याचीही सोय असते, तिला सीईसी म्हणतात. कंपन्यांनी तिला आपापली नावे दिली आहेत: सॅमसंगचे एनीनेट प्लस, एलजीचे सिमप्लिंक, सोनीचे ब्राव्हिया सिंक. ही सोय चालू असताना युनिव्हर्सल रिमोटवर मॅक्रो लावला, की एक चमत्कारिक बिघाड दिसतो. सर्व काही बंद करण्याचे बटण दाबल्यावर टीव्ही बंद होतो, तो सीईसीवरून साउंडबारलाही बंद करतो, आणि तेवढ्यात रिमोटचा साउंडबारसाठीचा पॉवरचा संदेश येऊन पोहोचतो. बंद झालेला साउंडबार पुन्हा चालू होतो. रिमोट खराब आहे असे समजून तो परत केला जातो, पण दोष त्याचा नसतो. चालू-बंद करण्याचे काम एकतर सीईसीकडे द्यावे किंवा रिमोटकडे, दोघांकडे एकाच वेळी देऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात टीव्ही, एक साउंडबार आणि एकच बॉक्स असेल आणि तिन्ही एचडीएमआयने जोडलेले असतील, तर सीईसी नीट चालू केल्यावर टीव्हीच्याच रिमोटने सगळे काम होण्याची बरीच शक्यता असते. साउंडबारचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नसेल, तर साउंडबारची एचडीएमआय केबल टीव्हीवरच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये आहे का, हे पाहावे. अनेकदा ती शेजारच्या सॉकेटमध्ये असते, आणि मग नव्या रिमोटची गरज उरत नाही.

पहिला कोड लागला की थांबणे

एकाच कंपनीच्या टीव्हींसाठी रिमोटच्या पुस्तिकेत कोडची लांबलचक रांग असते. पहिला कोड घालून टीव्ही बंद झाला, की काम झाले असे वाटते. पण पॉवर आणि आवाजाचे कोड अनेक मॉडेलांत सारखे असतात. फरक पडतो तो मेनू, बॅक, इनपुट, सबटायटल आणि रंगीत बटणांत. म्हणून प्रत्येक कोड लावल्यावर ही सगळी बटणे एकदा दाबून पाहावीत आणि एखादे जरी चालले नाही, तरी पुढचा कोड घालावा. आपोआप कोड शोधण्याच्या पद्धतीतही रिमोट पहिल्या जुळणीला थांबतो, त्यामुळे तेथेही हीच काळजी लागू आहे. बरोबर ठरलेला कोड सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा, कारण काही स्वस्त रिमोट सेल काढल्यावर थोड्याच वेळात सारे विसरतात.

शिकवताना होणाऱ्या चुका

कोडसंग्रहात आपले उपकरण नसेल, तर मूळ रिमोटवरून एकेक बटण शिकवता येते, अर्थात घेतलेल्या रिमोटमध्ये ती सोय असेल तर. दोन्ही रिमोट टेबलावर टोकाला टोक करून, दोन ते पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. हातात धरून शिकवताना अंतर हलत राहते. थेट ऊन किंवा प्रखर दिवा असलेल्या जागी हे काम करू नये, आणि मूळ रिमोटमध्ये ताजे सेल असावेत. बटण किती वेळ दाबायचे, याबाबत पुस्तिकेतली सूचना पाळावी. काही रिमोटना हलका एकच स्पर्श हवा असतो. बटण दाबून धरले, तर पुनरावृत्तीसकट संदेश साठवला जातो आणि पुढे एकदा दाबल्यावर मेनू दोन घरे पुढे सरकतो.

यापेक्षा फसवा बिघाड फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीच्या उपकरणांत दिसतो. या पद्धतीत प्रत्येक नव्या दाबण्याबरोबर संदेशातला एक बिट पालटतो, म्हणजे उपकरणाला ‘बटण पुन्हा दाबले’ आणि ‘बटण दाबूनच ठेवले आहे’ यांतला फरक कळतो. शिकलेल्या बटणात तो बिट गोठलेला असतो. त्यामुळे चॅनेल ११ लावायला १ दोनदा दाबला, तरी उपकरण तो एकदाच धरते. सेल बदलून किंवा पुन्हा शिकवून हे सुधारत नाही; तेथे कोडसंग्रहातला तयार कोडच वापरावा लागतो, कारण त्यात रिमोट हा बिट स्वतः पालटतो. बँग अँड ओलुफसेनच्या उपकरणांचा प्रश्न आणखी निराळा आहे. त्यांचा इन्फ्रारेड सिग्नल ४५५ किलोहर्ट्झवर चालतो आणि साध्या शिकाऊ रिमोटची झेप तेथपर्यंत जात नाही.

एअर कंडिशनरही याच रिमोटवर घ्यावा, हा मोह बहुतेकांना होतो. एसीचा रिमोट ‘तापमान एक अंशाने वाढव’ असे सांगत नाही. तो प्रत्येक वेळी तापमान, मोड आणि पंख्याचा वेग अशी संपूर्ण स्थिती एका लांब संदेशात पाठवतो. म्हणून शिकवलेले ‘वाढवा’ हे बटण कितीही वेळा दाबले, तरी शिकवताना असलेले तेच एक तापमान लागते. ‘२४ अंश, कूल’ अशी एक स्थिती आणि ‘बंद’ अशी दुसरी शिकवून काम भागवता येते, तेही तेवढा लांब संदेश साठवण्याची क्षमता रिमोटमध्ये असेल तर.

जागा आणि सेल

टीव्हीचा सेन्सर बहुधा खालच्या कडेला असतो आणि नवा साउंडबार नेमका त्याच्यापुढे ठेवला जातो. रिमोट वर उचलून धरल्यावर चालतो आणि मांडीवर धरल्यावर चालत नाही, असे असेल तर साउंडबार थोडा खाली किंवा पुढे सरकवावा. उपकरणे कपाटाच्या बंद दाराआड असतील, तर इन्फ्रारेड रिपीटर किंवा ब्लास्टर, म्हणजे रिमोटचा संदेश आतल्या उपकरणापर्यंत पोहोचवणारे साधन, लागते. त्याचा छोटा एमिटर उपकरणाच्या सेन्सरवर नेमका चिकटवावा. जागा दोन बोटे चुकली, तरी काम अडते. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे आणि साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे असतात. काही रिमोट या फरकाने सेल भरलेले असतानाही ‘सेल कमी’ असा इशारा देतात, तर काहींचा पल्ला घटतो.

ॲपवर पूर्ण विसंबणे

वाय-फायवर चालणाऱ्या हबमुळे, म्हणजे मोबाइलच्या ॲपकडून आज्ञा घेऊन ती उपकरणांना पाठवणाऱ्या छोट्या डबीमुळे, ब्लूटूथची काही उपकरणेही आवाक्यात येतात आणि मोबाइलवरून सर्व काही जुळवता येते. यांतले अनेक हब फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडले जातात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असताना हब सापडत नसेल, तर आधी हेच तपासावे. मोठा धोका निराळा आहे. लॉजिटेकची हार्मनी ही मालिका या क्षेत्रात सर्वांत नावाजलेली होती, आणि तिचे उत्पादन थांबवत असल्याचे कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केले. अशा रिमोटची जुळणी कंपनीच्या सर्व्हरवरून होते, त्यामुळे त्यात नवे उपकरण घालता येणे कंपनी ती सेवा किती काळ चालवते यावर अवलंबून राहते. जुळणी रिमोटच्याच मेमरीत राहते की सर्व्हरवर, हे घेण्याआधी विचारून घ्यावे. काचेच्या पडद्याचे रिमोट दिसायला आकर्षक असतात, पण अंधारात न पाहता आवाज कमी करायचा असेल, तर बोटाला लागणारी खरी बटणेच बरी.

सर्व जुळून आल्यावर जुने रिमोट टाकून देऊ नयेत. ब्लूटूथ पुन्हा जोडणे, उपकरण मूळ स्थितीत आणणे किंवा एखादे विसरलेले बटण शिकवणे यांसाठी मूळ रिमोटच लागतो. त्यांतले सेल मात्र काढून ठेवावेत, म्हणजे ते गळून आतल्या स्प्रिंगा गंजणार नाहीत.