समुद्रातला वारा आणि आपली बाग: मे महिन्यासाठी सल्ला

मे उजाडला की बागायतदारांच्या मोबाईलवर समुद्रातल्या तरंगत्या हवामान केंद्रांचे आकडे फिरू लागतात. 'वारा 12' एवढंच लिहिलेलं असतं. हे 12 कशाचे? ताशी किलोमीटर असतील तर झुळूक. नॉट असतील तर ताशी 22 किलोमीटर, म्हणजे धूळ उडवणारा वारा. आणि मीटर प्रति सेकंद असतील तर ताशी 43 किलोमीटर, म्हणजे केळीला टेकू नसेल तर पंचाईत. नॉटला 1.85 ने आणि मीटरच्या आकड्याला 3.6 ने गुणायचं. एकक लिहिलेलं नसेल तर तो आकडा पुढे पाठवू नका, गावात उगाच घबराट होते.

मग वेळ पाहा. बरेचदा ती जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. तासन्‌तास एकच आकडा दिसत असेल तर वारा स्थिर आहे असं समजू नका. यंत्र अडकलेलं असतं, नाहीतर माहिती शिळी असते.

आता मुख्य गोष्ट. तरंगत्या केंद्राचं वारामापक पाण्यापासून साधारण 3 मीटरवर असतं, तर अंदाजातला वारा 10 मीटर उंचीचा धरतात. त्यामुळे केंद्राचा आकडा दहा-पंधरा टक्के कमीच दिसतो. शिवाय तो काही मिनिटांची सरासरी असतो. किनारा ओलांडल्यावर झाडं, घरं, डोंगर यांना घासून ही सरासरी उतरते, पण झोत तितकेसे उतरत नाहीत, आणि फांदी मोडते ती झोताने. वेग दुप्पट झाला की झाडावरचा जोर चौपट होतो. म्हणून सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळी पठारावरची, हापूसची कलमं आणि घळीतली कलमं यांना एकच आकडा लावू नका. सड्यावर वारा थेट बसतो.

एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी, आणि सोबत हवेचा दाब. दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. कालच्या त्याच वेळेशी ताडून बघा. तरीही दाब उतरत असेल, वारा वाढत असेल आणि दुपारचा नेहमीचा वायव्येचा वारा सोडून पूर्वेकडून येऊ लागला असेल, तर सावध व्हा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब साधारण डाव्या हाताला असतो. पूर्वेचा वारा म्हणजे तो दक्षिणेला आहे. हवामान पत्रकातली दिशा वारा कुठून येतो ती असते, हेही विसरू नका.

वादळ किनाऱ्याला लागलं नाही म्हणजे सुटलो, असं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ थेट रायगडात शिरलं आणि श्रीवर्धनच्या सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या. पण मे 2021 चं तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंब्याचा सडा पडला. हवामान खातं 34 नॉटपासून, म्हणजे ताशी 62 किलोमीटरपासून, चक्रीवादळ म्हणतं. तयार आंबा उतरवायला मात्र तोवर थांबू नका. कमी दाबाच्या क्षेत्राची बातमी आली की चौदा आणे (साधारण 85 टक्के) तयार झालेला माल झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, काढून घ्या, केळीला बांबू द्या, शेडनेटच्या दोऱ्या तपासा.

सुपारीवर कोळेरोगासाठी (पावसाळ्यात फळं कुजवणारा रोग) पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) मारायचं असतं. फवारणीला ताशी 15 किलोमीटरच्या आतला वारा हवा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा त्याच्या आसपास पोचलेला असतो. जमिनीवर शांत वाटलं तरी शेंड्याला वारा जास्त असतो, त्यामुळे माथ्यावरच्या झावळ्या पाहूनच ठरवा. समुद्रावरचा खारा वारा सुटण्याआधी, सकाळी लवकर काम उरका. झाडावर चढणारा पाडेली 'आज नको' म्हणाला तर ऐका. त्याला वर काय वाटतं ते कुठल्याही केंद्राला कळत नाही.

वळिवाचं मात्र वेगळं. तो सह्याद्रीकडून, दुपारनंतर, तासाभरात येतो आणि समुद्रातल्या केंद्रावर त्याची चाहूलही लागत नाही. त्यासाठी पूर्वेचं आभाळ बघा आणि विजेचा इशारा आला की झाडाखालून निघा.