टेक्सासात रँच घेतलीय? आधी फॉर्म ५०-१२९ भरा, मग गाई मोजा

ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसकडची आपली बरीच मंडळी हल्ली शहरापासून तास-दीड तासावर पंधरा-वीस एकर घेतात. विकणारा सांगतो, "अ‍ॅग आहे, टॅक्स नगण्य." अ‍ॅग म्हणजे जमीन बाजारभावाऐवजी शेतीच्या उत्पादकतेवर मोजून करात मिळणारी सवलत. विकणाऱ्याचं खरं असतं, पण ती सवलत त्याच्या नावावर. खरेदीखत काउंटी क्लार्ककडे नोंदलं गेलं की अप्रेझल डिस्ट्रिक्टला, म्हणजे करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्या कचेरीला, मालक बदलल्याचं कळतं आणि जुन्या मालकाचं अ‍ॅग व्हॅल्युएशन पुढच्या वर्षापासून संपतं. नव्या मालकाने नवा अर्ज करायचा असतो. गाई त्याच, कुंपण तेच, गवत तेच, तरी अर्ज नवा. इथे घात होतो. जनावरं मेल्याने किंवा गवत जळल्याने अ‍ॅग गेलेले मला फार दिसले नाहीत. अर्ज न केल्याने गेलेले दर वर्षी दिसतात.

गावाकडे खरेदी झाली की फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढतं आणि शेतसारा होता तेवढाच राहतो. ती सवय इथे महागात पडते.

किती महाग? समजा २० एकर आहेत, बाजारभाव एकरी २०,००० डॉलर, म्हणजे ४ लाख. सगळे कर मिळून दर शंभराला १.८० डॉलर धरला तर वर्षाला ७,२०० डॉलर. तीच जमीन उत्पादकतेवर एकरी १५० डॉलरने धरली तर मूल्य ३,००० आणि कर ५४ डॉलर. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या काउंटीत वेगळे असतील, पण फरक याच जातीचा असतो.

अर्जाचा नमुना ५०-१२९, मुदत ३० एप्रिल. फुकट आहे, अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर मिळतो. जमीन स्वतःच्याच एलएलसीच्या नावावर केली असेल तरी मालक बदलला असं धरून अर्ज टाका. मुदत हुकली तरी हातावर हात ठेवून बसू नका. रिव्ह्यू बोर्ड (मूल्याच्या हरकती ऐकणारं मंडळ) त्या वर्षीच्या नोंदी मंजूर करेपर्यंत, म्हणजे साधारण २० जुलैच्या आसपासपर्यंत, उशिराचा अर्ज घेतात. दंड वाचलेल्या कराच्या १० टक्के. वरच्या उदाहरणात ७१५ डॉलरच्या आत. ७,२०० भरण्यापेक्षा तो दंड हसत भरा. त्यानंतर मात्र ते वर्ष गेलंच.

अट अशी की मागच्या ७ पैकी ५ वर्षं जमीन शेतीत असावी. आधीच्या मालकाची वर्षं धरतात, म्हणून खरेदीच्या वेळीच त्याच्याकडून ग्रेझिंग लीज (चराईचा भाडेकरार) आणि चाऱ्याची बिलं मागून घ्या. शहराच्या हद्दीत नियम जास्त कडक आहेत. सध्याचा वापरही त्या भागात चालतो तितका हवा. तो किती, हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं पत्रक सांगतं, ते आधी वाचा. ढोबळ हिशोबाला हजार पौंडांची गाय म्हणजे एक अ‍ॅनिमल युनिट, दिवसाला साधारण २६ पौंड कोरडा चारा. पूर्वेला तिला काही एकर पुरतात, पश्चिमेला कित्येक पट लागतात.

माझा अंदाज, नियम नव्हे: अप्रेझरची माणसं फाटकातूनच बरंच काही ताडतात. पाण्याच्या टाकीकडे जाणारी गाईंची पायवाट, शेंडे खाल्लेलं गवत, ताजं शेण, ताणलेली तार. चार शेळ्या आठवडाभर भाड्याने आणून बांधल्या तर तेही दिसतं.

आता विक्रेत्यांबद्दल. ५ ते २० एकरांत मधमाशा चालतात हे खरं, पण "पेट्या ठेवा, अ‍ॅग पक्कं" म्हणत वर्षाचं भाडं घेणाऱ्याला अर्ज कोण भरणार ते विचारा. वाचलेल्या कराचा टक्का मागणारे सल्लागार मोठ्या व्यापारी मालमत्तेला ठीक असतील. वीस एकरांसाठी तुमचं तुम्ही करा. खताचंही तेच. मातीचा नमुना अ‍ॅग्रिलाइफ एक्स्टेन्शनच्या प्रयोगशाळेत पाठवा. कोस्टल बर्म्युडा गवताला दर टन वाळक्या चाऱ्यामागे साधारण ५० पौंड नत्र सांगतात. माझ्या मते जमिनीत ओल नसेल तर पोतं फोडूच नका, दुकानदार काहीही म्हणो.

एप्रिल-मेची बाकी कामं:
– कुंपण, फाटक, पाण्याची टाकी
– हुईसाच, मेस्कीट ही काटेरी झुडपं काढणं
– फायर अँट मुंग्यांची वारुळं
– तारीख दिसेल असे फोटो
– मीठ-मिनरल, चारा, व्हेटची बिलं एका फाइलीत

दुष्काळ पडला आणि जनावरं विकावी लागली तर घाबरू नका. गव्हर्नरने दुष्काळ जाहीर केलेल्या भागात, पुन्हा सुरू करायचा इरादा असेल तर अ‍ॅग जात नाही, अशी कायद्यात सोय आहे. फक्त विकतानाच डिस्ट्रिक्टला पत्र द्या, प्रत ठेवा. नुसतं गवत वाचवायला गाई हलवून गप्प बसणारे पुढच्या वर्षी अडकतात.

एप्रिल-मेमध्ये मूल्याची नोटीस येते. ते पाकीट त्याच दिवशी फोडा. हरकत घ्यायची मुदत १५ मे किंवा नोटिशीपासून ३० दिवस, जे नंतर येईल ते. नमुना ५०-१३२. अ‍ॅग नाकारलं असेल तर नाकारल्याच्या पत्रापासून ३० दिवस. आधी अप्रेझरला भेटा, निम्मं तिथेच मिटतं. नाही मिटलं तर डिस्ट्रिक्ट सुनावणीत काय मांडणार ते लेखी मागा. मागितलं की सुनावणीच्या १४ दिवस आधी त्यांना द्यावं लागतं. त्यात त्यांनी तुलनेला घेतलेल्या जमिनी बघा. तुमची पूररेषेत, रस्त्याला न लागलेली आणि त्यांची हायवेला लागून, विहीर असलेली, असं हमखास सापडतं. सुनावणी थोडक्यात उरकते. शाळा, रस्ते, सरकार यावर बोलू नका, जमिनीवर बोला.

अ‍ॅग मिळालंय म्हणून नोटिशीतला बाजारभावाचा रकाना सोडून देऊ नका. उद्या त्या जमिनीचा वापर शेतीकडून दुसरीकडे वळला तर मागच्या ३ वर्षांचा फरक रोलबॅक म्हणून भरावा लागतो, आणि तो मोजतात त्याच रकान्यावरून. फुगलेला दिसला तर हरकत आत्ताच घ्या.

हरकत चालू असली तरी बिल थांबत नाही. वादात नसलेली रक्कम ३१ जानेवारीच्या आत भरा. १ फेब्रुवारीला ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज लागतं. आणि पत्ता बदलला असेल तर डिस्ट्रिक्टला लेखी कळवा. जुन्या अपार्टमेंटला गेलेली नोटीस "मिळाली नाही" म्हणून सहसा कोणी ऐकून घेत नाही.