०४१७ मधलं शून्य: विमानाला पसंतीचा नंबर कसा घ्यावा

लातूरच्या आरटीओसमोर २२ वर्षं मी लोकांच्या गाड्यांची कागदपत्रं करतो. ट्रॅक्टर, टिप्पर, बोलेरो, नवरदेवाची बुलेट, सगळ्यांचं पासिंग माझ्या टेबलावरून गेलंय, आणि त्यातही चॉइस नंबर हे माझं हातखंडा काम. विमानाचा नंबर मात्र आयुष्यात एकदाच काढला, तो धाकट्या भावासाठी. तो टेक्सासात असतो, ग्रीन कार्डवर. तिथं त्यानं २००१ सालचं जुनं सेस्ना १७२ घेतलं, एका इंजिनाचं, चार माणसांचं. रात्री साडेदहाला फोन आला, "दादा, काय करायलास? विमानाला अण्णांच्या स्कूटरचा नंबर पाहिजे मला. हे तुलाच जमंल."

अण्णा म्हणजे आमचे वडील, औशाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९९१ साली त्यांनी बजाज चेतक घेतली. नंबर ०४१७, आणि पेंटरनं पाटीवर शून्यासकट तो असा रेखीव काढला होता की अण्णा दर रविवारी आधी पाटी पुसायचे, मग स्कूटर. पुढं मी उभा, मागं आई, आईच्या मांडीवर हा धाकटा, असे आम्ही गंजगोलाईत बाजाराला यायचो. अण्णा गेले, स्कूटर भंगारात गेली, पाटी माझ्याकडं राहिली. म्हणून हे काम मी पैशाचं काम समजून केलं नाही. आपल्या भागातली पुष्कळ लेकरं आता तिकडं आहेत, त्यातली काही विमान शिकायलीत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्या आरटीओचा हिशोब डोक्यातून काढून टाका. आपल्याकडं नंबर एकदा निवडला की ठरलेल्या मुदतीत गाडी पासिंगला उभी करावी लागते, नाहीतर नंबर गेला आणि भरलेले पैसेही गेले. एकाच नंबरावर दोघांचे अर्ज आले की बंद पाकिटात डीडी टाकून चढाओढ. ०००१ सारख्या नंबरला रक्कम लाखांत जाते. अमेरिकेत असलं काही नाही. तिथली विमानांची नोंदणी एफएए ही केंद्र सरकारची संस्था करते, तिचं नोंदणी कार्यालय ओक्लाहोमा सिटीत आहे, आणि नंबर राखून ठेवायची फी आहे १० डॉलर. तो मिळेल का हे ठरतं फक्त एका गोष्टीवर: मोकळा आहे का. विमान हातात नसलं तरीही नंबर राखता येतो, हे तर मला फारच आवडलं.

आता नंबरची घडण समजून घ्या, कारण निम्मे लोक इथंच अडकतात. अमेरिकेच्या प्रत्येक विमानाच्या नंबराची सुरुवात एन या अक्षरानं होते. त्यापुढं जास्तीत जास्त पाच खुणा. एक तर सगळे आकडे, किंवा चार आकड्यांपर्यंत आणि शेवटी एक अक्षर, किंवा तीन आकड्यांपर्यंत आणि शेवटी दोन अक्षरं. अक्षर आकड्यांच्या आधी किंवा मध्ये येत नाही. आय आणि ओ ही अक्षरं मुळीच चालत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आणि पहिला आकडा शून्य असू शकत नाही.

म्हणजे आमचं ०४१७ पहिल्याच पायरीवर अडलं. भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग लातूरचे चोवीस लावू." तेही नाही. १ ते ९९ हे नुसते आकड्यांचे नंबर एफएएनं स्वतःच्या कामासाठी ठेवलेले आहेत. आईचं नाव इंदुमती, तिचं पहिलं अक्षर आय, ते आधीच बाद. शेवटी ठरलं की शून्य सोडायचं, ४१७ ठेवायचं आणि मागं दोन अक्षरं जोडायची.

एकूण नंबर असतात किती, हे मी दुकान बंद करून वहीवर मांडलं. नुसत्या आकड्यांचे ९९,९९९. २६ अक्षरांतून आय आणि ओ वजा केले की उरतात २४, म्हणून शेवटी एक अक्षर असलेले २,३९,९७६. दोन अक्षरं असलेले ५,७५,४२४. बेरीज ९,१५,३९९. एफएएही हाच आकडा सांगते. ही मांडणी केली म्हणून एक शहाणपण आलं: लहान, सुटसुटीत नंबर बहुतेक गेलेले असतात, आणि खरी जागा तीन आकडे अधिक दोन अक्षरं या खान्यात आहे. आपल्या आठवणीतला आकडा तीन अंकांत बसवा आणि अक्षरांत हवा तो फेरफार करा. आम्ही वेगवेगळ्या अक्षरजोड्यांची यादी काढली आणि नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर एकेक टाकून बघितली. तिथं नंबर टाकला की तो कुणाच्या विमानावर आहे, कुणी राखलाय की मोकळा आहे, ते लगेच दिसतं. एखाद्या विमानाची नोंदणी रद्द झाली असेल तर तो नंबर पाच वर्षं कुणालाच मिळत नाही, तेव्हा "हे विमान तर मोडीत गेलं, मग नंबर का देत नाहीत" म्हणून वेळ घालवू नका. दुसऱ्याच्या चालू विमानावरचा नंबर हवा असेल तर त्या मालकाची लेखी संमती लागते. टपालानं अर्ज करणाऱ्यानं पसंतीच्या क्रमानं पाच नंबर लिहावेत. ऑनलाइन केलं तर कार्डानं पैसे भरून तिथल्या तिथं काम होतं.

यादी पक्की करायच्या आधी नंबर तोंडानं म्हणून बघा. गाडीचा नंबर डोळ्यांसाठी असतो, विमानाचा कानासाठी. रेडिओवर तो दिवसातून कितीतरी वेळा बोलावा लागतो, प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द असतो, ए म्हणजे अल्फा, एल म्हणजे लिमा. वाहतूक नियंत्रक एकदा पूर्ण नंबर घेऊन पुढं नुसत्या शेवटच्या तीन खुणांवर येतो. म्हणून शेवटच्या तीन खुणा जिभेवर सहज बसणाऱ्या हव्यात, आणि त्याच धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाशी गोंधळ होईल अशा नकोत. भाऊ फोनवर म्हणायचा, मी हजारो मैलांवरून डोळे मिटून ऐकायचो. जी जोडी मला दोनदा विचारावी लागली ती आम्ही खोडली. आमचा पूर्ण नंबर मात्र इथं लिहीत नाही. त्या नंबरावरून मालकाचं नाव-पत्ता शोधता येऊ शकतो, हे तुम्हीही फोटो टाकताना ध्यानात ठेवा.

नंबर राखणं एक वर्षापुरतं असतं. दरवर्षी आणखी १० डॉलर भरून वाढवायचं. इथं आमची चूक झाली. पहिल्यांदा राखलेली अक्षरजोडी अण्णांच्या आद्याक्षरांची होती. भावानं घर बदललं, नवा पत्ता कळवला नाही, तारीख निघून गेली. तीन महिन्यांनी बघतो तर तो नंबर दुसऱ्या कुणाच्या नावावर. भाऊ रडला. मीही त्या दिवशी टेबल लवकर आवरलं. दुसऱ्यांदा राखल्यावर मी तारीख माझ्या वहीत, भावाच्या फोनात आणि आईच्या कालनिर्णयावर, अशी तीन ठिकाणी लिहिली. पत्ता बदलला की ३० दिवसांत कळवायचा असतो, तो त्याच दिवशी कळवा.

आता मुख्य मुद्दा. नंबर राखला म्हणजे तो विमानाचा झाला, असं बिलकुल नाही. राखणं दहा मिनिटांचं काम आहे. तो विमानावर चढवणं हेच खरं काम, आणि त्यात क्रम चुकला की विमान जमिनीवर बसतं.

आधी विमान स्वतःच्या नावावर करा, आहे त्या नंबरानिशी. त्याची फी फक्त ५ डॉलर आहे, आणि २०२३ पासून ही नोंदणी सात वर्षं चालते. मग वेगळा लेखी अर्ज करायचा: विमानाची कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, सध्याचा नंबर, हवा असलेला नंबर आणि मालकाची सही. सीरियल नंबर म्हणजे आपल्या भाषेत चेसिस नंबर समजा, तो जन्माचा असतो, कधी बदलत नाही. अर्ज तपासून कार्यालय एसी फॉर्म ८०५०-६४ पाठवतं. हा कागद हातात पडेपर्यंत विमानाला ब्रश लावू द्यायचा नाही. आमच्या वेळी रंगकाम करणाऱ्यानं कागद यायच्या आधीच स्टेन्सिल कापून ठेवली आणि "लावून टाकू का, जागा मोकळी करायचीय" म्हणून मागं लागला. भाऊ जवळजवळ हो म्हणाला होता. मी फोनवर ओरडलो तेव्हा थांबला. कागदावर एक नंबर आणि पत्र्यावर दुसरा, असं वाहन मी २२ वर्षांत पुष्कळ बघितलंय. सोडवायला महिने जातात.

फॉर्म आला की नंबर रंगवा, फॉर्मवर सही करा आणि रंगवल्यापासून पाच दिवसांत मूळ प्रत नोंदणी कार्यालयाला परत पाठवा. दुसरी प्रत जुन्या नोंदणीपत्रासोबत विमानातच ठेवायची. नवं नोंदणीपत्र येईपर्यंत उडायची परवानगी ती. उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्रावरही नंबर छापलेला असतो, ते एफएएच्या जवळच्या कार्यालयातून बदलून घ्यावं लागतं. भावाला हे ठाऊकच नव्हतं. विमान चालवणाऱ्यांना उडायचं माहीत असतं, कागदाचं नसतं.

रंगवायची मापं ठरलेली आहेत आणि ती मला मनापासून पटली. उंची १२ इंच. रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ८ इंच. रेघेची जाडी उंचीचा सहावा भाग, २ इंच. एक हा आकडा फक्त २ इंच रुंद. दोन खुणांमधलं अंतर रुंदीच्या पाव भागाहून कमी नको. एम आणि डब्ल्यू उंचीइतके रुंद चालतात. नक्षी नको, रंग पाठीमागच्या रंगावर उठून दिसणारा हवा. आमच्या नंबरात एम, डब्ल्यू नव्हते, म्हणून मी हिशोब दिला: ८ इंचांच्या पाच खुणा, २ इंचांचा एक, मधली पाच अंतरं, एकूण ५२ इंच. धडाच्या दोन्ही बाजूंना, पंख संपतो तिथपासून शेपटीच्या आडव्या पंखापर्यंतच्या जागेत ते बसतं का हे भावानं आधी टेप लावून बघितलं. बसलं.

रंग सुकला की लोक समजतात झालं. अजून एक राहतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. विमानातला ट्रान्सपॉन्डर रडारला स्वतःची ओळख २४ बिटांच्या एका कोडानं सांगतो, आणि अमेरिकेत हा कोड विमानाच्या नंबरावरूनच काढलेला असतो. नंबर बदलला की कोड बदलतो. तो बदलून घेतला नाही तर विमानाच्या अंगावर नवा नंबर आणि हवेत जुनी ओळख. आपत्कालीन ठिकाण कळवणाऱ्या यंत्राचंही तसंच, ४०६ मेगाहर्ट्झवाल्या यंत्राची नोंद नोआ या संस्थेकडं असते, ती नव्या नंबरानं दुरुस्त करा. विमान कुठं पडलंच तर शोधणारे याच नोंदीवरून घरी फोन करतात. विमा, कर्ज असेल तर बँक, लॉगबुक आणि चालकासमोरच्या पॅनेलवरची पट्टी, हेही त्याच आठवड्यात उरका.

इथं भारतात विमान घ्यायचं असेल तर अण्णांच्या स्कूटरचा नंबर कुठल्याच रूपात मिळणार नाही, कारण आपल्या चिन्हात आकडेच नसतात. व्हीटी, आडवी रेघ आणि तीन अक्षरं, एवढंच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते पस मॉथ विमान व्हीटी-एडीएन होतं. आजही घडण तीच आहे. क्यूनं सुरू होणाऱ्या तीन अक्षरांच्या जोड्या, एसओएस, पॅन, एक्सएक्सएक्स अशा संकटाच्या खुणा जगभर वर्ज्य आहेत. क्रमाबाहेरचं चिन्ह डीजीसीएकडं, म्हणजे आपल्याकडं विमानांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडं, मागता येतं. विस्तारा या विमान कंपनीच्या काही विमानांवर टीटी ही अक्षरं होती, टाटांची आठवण देणारी. तुमच्या घरातलं नाव तीन अक्षरांत बसत असेल तर इथं उलट सोय आहे, आय आणि ओ दोन्ही चालतात. माझ्या आईचं नाव इथल्या विमानावर बसलं असतं.

नवं नोंदणीपत्र आलं त्या रविवारी भावानं रेडिओवरचं बोलणं मोबाइलवर टिपून पाठवलं. आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. मी फोन तिच्या कानाशी धरला. इंग्रजी तिला येत नाही, पण फोर, वन, सेव्हन तिला कळतं, लग्नानंतर अण्णांनीच शिकवलेलं. हात पिठात तसेच ठेवून तिनं ते तीनदा ऐकलं. मग म्हणाली, "शून्य नाही म्हणत तो." मी सांगितलं, तिकडं शून्य पुढं लावत नाहीत. ती उठली, माळ्यावरून पाटी काढायला लावली, पदरानं पुसली आणि म्हणाली, येत्या खेपेला आला की त्याच्याजवळ दे.

पाटी पत्र्याची आहे, दोन्ही कोपरे धारदार. कापडात गुंडाळून त्याच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवायचीय, हातातल्या बॅगेत नाही.