कीकॅड: दुसऱ्या संगणकावर जपलेले व्ह्यू गायब (माझा अनुभव)

बेळगावच्या उद्यमबागेत कीकॅडमध्ये (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) केलेला पंप-स्टार्टरचा बोर्ड निपाणीला उघडला, तर जपलेले सगळे व्ह्यू गायब! कारण साधं आहे. प्रीसेट (कोणते लेयर, म्हणजे बोर्डाचे थर, दिसावेत याची जपलेली निवड) आणि व्ह्यूपोर्ट (जपलेली जागा आणि झूम) बोर्डाच्या ‘कीकॅड_पीसीबी’ फाइलमध्ये नसतात, ‘कीकॅड_प्रो’ या प्रोजेक्ट फाइलमध्ये असतात. म्हणून पेनड्राइव्हवर नुसता बोर्ड नको, अख्खं फोल्डर द्या आणि प्रोजेक्ट मॅनेजरमधूनच उघडा.

प्रीसेट जपताना उजवीकडच्या अपिअरन्स पॅनेलमध्ये हवे तेवढेच लेयर चालू ठेवा, मग खालच्या प्रीसेट्सच्या यादीतून ‘सेव्ह प्रीसेट’. नाव कामाचं द्या, उदा. ‘रिले खालचं कॉपर’ (रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच). कंट्रोल+टॅबने प्रीसेट झटपट बदलता येतो. मात्र प्रीसेटमध्ये झूम राहत नाही. रिलेच्या पायांमधलं २३० व्होल्टसाठी ठेवलेलं अंतर वारंवार तपासायचं असेल, तर तिथे झूम करून व्ह्यूपोर्ट वेगळा जपा.