जर्मन डर्बीचा इतिहास वाचायचा तर आईचं अक्षर धरा

बाबा पुण्याच्या रेसकोर्सवर जायचे तेव्हा त्यांचा एकच हट्ट असायचा: आईबाप कळल्याशिवाय घोड्याबद्दल बोलायचं नाही. हॅम्बुर्गला राहायला आल्यावर तो हट्ट मला फार उपयोगी पडला. इथे हॉर्नच्या मैदानावर जुलैच्या सुरुवातीला जर्मन डर्बी होते. तीन वर्षांचे घोडे, 2400 मीटर. 1869 साली ‘उत्तर जर्मन डर्बी’ म्हणून सुरू झाली, 1889 पासून ‘जर्मन डर्बी’. विजेत्यांची यादी सहज मिळते, पण ती वरून खाली वाचत गेलात तर दीडशे अनोळखी नावं नुसती डोळ्यांखालून जातात. मी ती कशी वाचते ते सांगते.

वही आडवी धरून पाच रकाने आखा: साल, घोडा, आई, बाप, स्टड फार्म (म्हणजे घोड्यांची पैदास करणारं ठिकाण). आईचा रकाना घोड्याला लागूनच हवा. माझ्या पहिल्या वहीत मी बापाला आधी घेतलं होतं आणि महिनाभर कसलाच धागा लागेना. जर्मन कागदांवर घोड्याच्या नावापुढे ‘फॉन’ असलं की त्यानंतर बापाचं नाव येतं, ‘आउस डेअर’ नंतर आईचं. बहुतेकदा या शब्दांची फक्त आद्याक्षरं छापलेली असतात, एवढं लक्षात ठेवा.

आता खरी किल्ली. जर्मनीत शिंगराचं नाव आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरानेच सुरू करायचा रिवाज आहे. त्यामुळे अक्षर आईकडून येतं, आणि पुष्कळदा नावाचा अर्थ बापाकडून.

पहिला सराव 1940 च्या ओळीवर करा. विजेती श्वार्झगोल्ड, श्लेंडरहान स्टड फार्मची घोडी, दहा लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकलेली. आई श्वार्झलीझल, बाप आल्किमिस्ट. आल्किमिस्ट म्हणजे किमयागार, तो स्वतः 1933 चा विजेता. आईकडून ‘श्वार्झ’ म्हणजे काळं, आणि किमयागाराच्या लेकीला शोभेल असं ‘गोल्ड’. नाव ठेवणाऱ्याने किती प्रेमाने विचार केला असेल! ही जोडी जुळली तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत वही मिटली नाही.

दुसरा सराव उलटा करा, आजकडून मागे. 2017 चा विजेता विंडस्टोस. नावाचा अर्थ वाऱ्याचा झोत. आई वेलेनश्पील, म्हणजे अक्षर तिचं. मग वारा कुठून आला? बापाचं नाव शिरोको, सहारातून येणारा उष्ण वारा, आणि तो 2004 चा विजेता. शिरोकोचा बाप मोन्सून. हो, आपलाच मान्सून, जर्मन उच्चारात! हा मोन्सून 1993 च्या डर्बीत लांडोच्या मागे दुसरा आला. पण त्याचे तीन मुलगे डर्बी जिंकले: 2000 साली सामूम (हाही वाळवंटातला वाराच), 2004 ला शिरोको, 2006 ला शियापारेली. मोन्सूनचा बाप कोएनिगश्टूल, 1979 चा विजेता, जर्मनीतली तिहेरी मुकुटाची शर्यतमालिका जिंकणारा एकमेव घोडा. म्हणजे 1979 ते 2017, एका घराण्याच्या चार पिढ्या एका पानावर आल्या, आणि त्यात फक्त मोन्सूनची डर्बी हुकली. यादीत फक्त विजेते असतात, म्हणून मोन्सून तिथे दिसणारच नाही. दुसऱ्या नंबरचे घोडेही टिपून ठेवा असं मी म्हणते ते यासाठी.

डर्बीत खच्ची केलेल्या घोड्याला प्रवेश नाही. पुढची पिढी कुठल्या घोड्याकडून घ्यायची, हे ठरवण्यासाठी ही शर्यत आहे.

युद्धाची वर्षं घाईने ओलांडू नका. 1943 आणि 1944 ला डर्बी बर्लिनजवळच्या होपेगार्टनला झाली, 1945 ला झालीच नाही, 1946 ला म्युनिकला, 1947 ला कोलोनला, आणि 1948 ला ती हॅम्बुर्गला परतली. नाझी काळातल्या ओळींचा स्टड फार्मचा रकाना भरताना तर जास्तच सावध राहा. 1936 ची विजेती नेराइडे दहापैकी दहा शर्यती जिंकलेली घोडी. ती जन्मली एर्लेनहोफमध्ये, 1933 साली. ते स्टड फार्म उभं करणाऱ्या मोरित्झ ओपेनहाइमर यांना, ते ज्यू असल्याने, त्याच वर्षी ते सोडावं लागलं. म्हणून या ओळीत मी स्टड फार्मच्या नावाखाली त्यांचंही नाव लिहिते, आणि तुम्हीही लिहावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटी 2014 घ्या. सी द मून अकरा लेंग्थने जिंकला, तोही सरळ पट्ट्यात पार बाहेरच्या कठड्यापर्यंत जाऊन. आई सानवा, मोन्सूनची मुलगी, सामूम आणि शियापारेलीची सख्खी बहीण. तेव्हा ‘स’ कुठून आला ते कळलंच. बाप सी द स्टार्स, आयर्लंडमध्ये जन्मलेला. इथे अक्षर तुटतं, म्हणून पेन खाली ठेवू नका, आणखी दोन पायऱ्या वर जा. त्याची आई अर्बन सी, जन्म अमेरिकेतला, तिथे हा रिवाज नाही. आणि अर्बन सीची आई आलेग्रेटा. तिच्या नावासमोर शेवटच्या रकान्यात लिहा: श्लेंडरहान.